रद्दी म्हणा हवं तर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मागच्या लेखाखाली तुम्ही चांगलीच हजेरी घेतलीत, त्यामुळे 'प्रतिक्रियेबद्दल आभार' एवढ्यावर भागवत नाही. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमानांवरच्या जुन्या इंग्रजी नियतकालिकांची तुलना करताना मी १९३०च्या दशकापुरतं 'द एरोप्लेन'ला 'फ्लाइट'च्याही वर बसवलं होतं. तुमचे आक्षेप असे : या अंकांतली निम्मी माहिती पुढे चुकीची ठरली, 'द एरोप्लेन'चा संपादक हिटलर-मुसोलिनीचे गोडवे गाणारा होता, अमेरिकन नियतकालिकं मी दोन ओळींत उडवली, 'एअर एन्थुझियास्ट'ला खाली ढकललं, आणि हे सगळं स्कॅन करून कागद रद्दीत घालावा.

तुमच्यासारख्या हँगरमध्ये हयात घालवलेल्या माणसाने पहिला आक्षेप घेणं साहजिकच आहे. दुरुस्तीच्या मॅन्युअलचं जुनं पान कुणी भक्तिभावाने जपून ठेवलं तर त्याला कामावरून काढलं पाहिजे. पण 'फ्लाइट' मी मॅन्युअल म्हणून वाचत नाही.

कॉमेटचंच घ्या. आजच्या कुठल्याही पुस्तकात तिची गोष्ट एका परिच्छेदात आटोपते : पहिलं जेट प्रवासी विमान, धातूचा थकवा (पुन्हा पुन्हा ताण बसून धातूला तडा जाणं), अपघात, धडा. तीच गोष्ट साप्ताहिकांच्या ओळीने लावलेल्या अंकांतून वाचून बघा. २ मे १९५२ला लंडन-जोहान्सबर्ग सेवा सुरू होते. बरोबर वर्षाने, २ मे १९५३ला, कलकत्त्याहून उडालेलं कॉमेट वादळात सापडून कोसळतं, आणि वादळ हे कारण तेव्हा सगळ्यांना पुरेसं वाटतं. १० जानेवारी १९५४ला दुसरं एक एल्बा बेटाजवळ समुद्रात पडतं. उड्डाणं थांबतात, फेरफार होतात आणि २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू होते. ८ एप्रिलला रोमहून कैरोला निघालेलं आणखी एक जातं. त्यानंतर फार्नबरोच्या ब्रिटिश विमान-संशोधन केंद्रात अख्खं विमान पाण्याच्या टाकीत घालून केबिनवर पुन्हा पुन्हा दाब देतात, तेव्हा कुठे खरं कारण हाती लागतं.

मला त्यातले जानेवारी ते मार्चचे अंक सगळ्यात मोलाचे वाटतात. शहाणी, अनुभवी माणसं हातातल्या पुराव्यावर विचार करताहेत आणि त्यांना उत्तर सापडलेलं नाही. तुम्ही म्हणता ती 'चुकीची माहिती' ती हीच. पुस्तकात ती मिळत नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो.

निव्वळ थाप छापली गेल्याचंही उदाहरण आहे. १ डिसेंबर १९५८च्या 'एव्हिएशन वीक'ने सोव्हिएत अणुशक्तीचं बॉम्बर उडत असल्याची बातमी दिली. तसं विमान नव्हतंच. ज्याच्यावरून तर्क लढवला गेला ते सोव्हिएत विमानरचनाकार मियासिश्चेव्हचं एम-५० साध्या जेट इंजिनांवर चालणारं निघालं. माहिती म्हणून त्या बातमीची किंमत शून्य. पण त्या काळात अमेरिका स्वतःच्या अणुविमानावर पाण्यासारखा पैसा ओतत होती आणि तो प्रकल्प १९६१मध्ये गुंडाळला गेला. हे डोक्यात ठेवून बातमी वाचा, मग भीती कुणाला वाटत होती आणि ती कुणाच्या सोयीची होती हे दिसायला लागतं.

आता सी. जी. ग्रे. १९११मध्ये 'द एरोप्लेन' काढल्यापासून १९३९पर्यंत तो संपादक होता. त्याची राजकीय मतं किळसवाणी होती, ज्यूद्वेष तर उघडच. युद्धकाळात विमानं पोहोचवण्याचं काम बायका करणार म्हटल्यावर त्याने त्यांच्याबद्दल जे लिहिलं, ते आजही वाचवत नाही. यात आपलं दुमत नाहीच. पण नियतकालिकाला वरचा क्रम देणं म्हणजे संपादकाला हार घालणं नव्हे.

माझं कारण दाखवायला आपल्याकडचा एक प्रसंग पुरेल. इंग्लंड-भारत हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. १९३०मध्ये या शर्यतीत तिघे उतरले : जे. आर. डी. टाटा, अस्पी इंजिनियर आणि मनमोहन सिंग. इजिप्तमधल्या अबुकीरला अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला दिले आणि बक्षीस शेवटी अस्पीनेच नेलं. (पुढे तो हवाई दलाचा प्रमुख झाला.) 'फ्लाइट' हे तेव्हा रॉयल एरो क्लब या ब्रिटिश वैमानिकांच्या संस्थेचं अधिकृत मुखपत्र. त्यामुळे क्लबच्या सूचना आणि स्पर्धांचे नियम बघायचे तर ते उघडावं. मनमोहन सिंगने विमानाचं नाव 'मिस इंडिया' ठेवलं होतं. त्यावर ग्रेने 'द एरोप्लेन'मध्ये टोमणा हाणला की नाव बरोबर आहे, हा गडी इंडिया 'मिस'च करणार! सिंग भारतात पोहोचला, फक्त बक्षिसासाठी ठरलेल्या मुदतीत बसला नाही. हाच मनमोहन सिंग १९४२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमवरच्या जपानी हल्ल्यात मारला गेला.

लंडनच्या क्लबांमध्ये हिंदी वैमानिकाकडे कोणत्या नजरेने पाहत होते, ते 'फ्लाइट'च्या सभ्य रकान्यांत तुम्हाला सापडणार नाही. ग्रेच्या एका वाक्यात ते सापडतं, आणि ते छापताना त्याला काही वावगंही वाटलं नाही. म्हणून माझ्या लेखी दोन्ही अंक शेजारी-शेजारी हवेत. गंमत म्हणजे १९६८मध्ये 'फ्लाइट'नेच 'द एरोप्लेन'ला पोटात घेतलं.

अभियांत्रिकी म्हणाल तर 'फ्लाइट'ला तोड नाही, हे मी मूळ लेखातही म्हटलं होतं. मॅक्स मिलरची कटअवे चित्रं घ्या. विमानाची कातडी सोललेली, आतल्या फासळ्या उघड्या, आणि वैमानिकाच्या पायाखालच्या रडर पेडलपासून शेपटीपर्यंत जाणारी केबल प्रत्येक पुलीसकट दाखवलेली. तुमच्यासारख्या माणसाने त्या केबलवर बोट ठेवून शेपटीपर्यंत जावं, मग रद्दीबद्दल बोलू. जे. एच. क्लार्कने 'द एरोप्लेन'साठी काढलेलीही उत्तमच, तरी माझं मत मिलरला.

अमेरिकन अंकांचा आक्षेप मला तितकासा पटला नाही. 'फ्लाइंग' १९२७मध्ये शिकागोत 'पॉप्युलर एव्हिएशन' म्हणून निघालं ते स्वतः उडू पाहणाऱ्यासाठी. 'एव्हिएशन वीक' उद्योगवाल्यांचं. वाचकच वेगळा असेल तर तुलना कशाची करायची? त्यांच्यावर स्वतंत्र लिहीन. आणि 'एअर एन्थुझियास्ट'ला मी खाली ढकललं हा तुमचा समज आहे. विल्यम ग्रीन आणि गॉर्डन स्वानबरो यांनी १९७१मध्ये काढलेल्या त्या मासिकात इतिहास तपासून, पारखून दिलेला असे. एखाद्या विमानाबद्दल शंका आली की मी आधी तेच उघडतो. पण ते मागे वळून पाहणारं मासिक होतं, त्याची पंगत वेगळी.

राहिला स्कॅनचा सल्ला. 'फ्लाइट'चा जुना संग्रह नेटवर अनेक वर्षं फुकट होता, नंतर काढून घेतला गेला. परक्याच्या सर्व्हरवरचं कपाट आपलं नसतं. दुसरं म्हणजे जाहिराती. वर्षाचे अंक बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत होती, ग्रंथालयांत तर सर्रास. अशा बांधीव खंडावरून स्कॅन केलं की मजकूर सगळा येतो, पण मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र), डोप (विमानाच्या कापडी आवरणाला लावायचं रोगण), टायर, गॉगल आणि फ्लाइंग स्कूल विकणारं अख्खं जग गायब होतं. कुठली कंपनी पान भरून जाहिरात देत होती आणि कुठली पाव पानावर आली होती, यावरून धंद्याची तब्येत कळते. ती पानं फक्त सुट्या अंकांत उरली आहेत, गंजलेल्या पिनांसकट. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना कसर लागते, म्हणून पावसाळ्यात मी त्यांच्यासाठी कपाटात बल्ब लावून ठेवतो.

त्यामुळे स्कॅन झालं तरी कागद घरातच राहील. आमच्या घरच्यांचं मत तुमच्यासारखं आहे, ही गोष्ट वेगळी.