माफीनाम्यासाठी अर्ज कसा करावा

तुमच्या घराण्यात कुणी लढाईत कैद होऊन हाल सोसले असतील आणि त्याबद्दल कुठल्या तरी सरकारनं माफी मागावी, चार पैसे द्यावेत, असं तुमच्या मनात आलं असेल, तर अभिनंदन! आता तुम्हाला जन्मभर रिकामं बसावं लागणार नाही. मी बरीच वर्षं या धंद्यात आहे, म्हणून हक्कानं दोन गोष्टी सांगतो.

आधी सरकार जिवंत आहे का ते बघा. इथंच माझं चुकलं. पणजोबा परांडा तालुक्यातले, म्हणजे निजामाची रयत. पलटणीत भरती झाले इंग्रजांच्या. पत्ता लावला बार्शीचा, कारण बार्शी इंग्रजी मुलखात. आणि धरलं तुर्कांनी, तिकडं इराकात, कूत-अल-अमाराला, २९ एप्रिल १९१६ रोजी. पुढं तुर्कांची बादशाही १९२२ साली बुडाली, इंग्रज १९४७ ला गेले, निजाम १७ सप्टेंबर १९४८ ला शरण आला. म्हातारा तिघांनाही पुरून उरला. आता अर्ज कुणाच्या नावानं करायचा? गावात १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर मी हा प्रश्न काढला, तर एक जण म्हणाला, "इंग्रजांचा शिपाई तुमचा, त्याला कशाची भरपाई?" मुद्दा बिनतोड होता. मी जिलेबी खाऊन घरी आलो.

दुसरं म्हणजे, आजोबा-पणजोबा निवडताना हुद्दा बघून निवडा. कूतला तुर्कांनी इंग्रजी फौजेला घातलेला वेढा १४७ दिवस चालला. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी आत अडकलेल्या. दाणापाणी संपलं तेव्हा घोडे कापायची वेळ आली. आपल्या बऱ्याच शिपायांनी धर्मापायी ते मांस कितीतरी दिवस तोंडात घातलं नाही, दातांतून रक्त यायला लागलं तरी. शेवटी तेरा हजारांच्या आसपास माणूस कैद झाला. त्यांना वाळवंटातून पायी हाकललं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो परतलेच नाहीत. त्यांचे जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले, कैदेत असतानाच १९१७ साली 'सर' झाले आणि सुटल्यावर १९२० साली खासदारही. त्यांच्या कुत्र्यालासुद्धा तुर्कांनी बसऱ्याला सुखरूप परत जाऊ दिलं. म्हणून सांगतो, जनरल जमत नसेल तर निदान जनरलचं कुत्रं तरी घराण्यात असावं.

पुरावा सांभाळून ठेवा, हे काही मी वेगळं सांगायला नको. आमच्याकडं एक चांदीचं मेडल होतं, कडेला नंबर, नाव, पलटण कोरलेलं. १९७२ च्या दुष्काळात आजीनं ते मोडीत घातलं आणि ज्वारी आणली. घराण्याचा सगळा लष्करी इतिहास आम्ही भाकरीला लावून खाल्ला. मेडल नसेल तर स्मारकावर नाव शोधा, असं एकानं सुचवलं. चांगली सूचना आहे, पण त्यासाठी माणूस मेलेला लागतो, आणि तोही अधिकारी लागतो. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांची पलटणवार फक्त संख्या. तिथं अमुक इतके गेले. संपलं. या भेदभावाबद्दल ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी २२ एप्रिल २०२१ रोजी पार्लमेंटात माफी मागितली. शंभर वर्षांच्या आत-बाहेर मिळाली की! लोक उगीच सरकारांना नावं ठेवतात.

तुमच्या वतीनं आधीच कुणी माफ करून टाकलंय का, हेही तपासा. हे बहुतेकदा झालेलं असतं. १९२३ च्या लोझानच्या तहात तुर्कस्ताननं आणि समोरच्या देशांनी युद्धातल्या नुकसानीचे पैशाचे दावे एकमेकांना सोडून दिले. पणजोबांची सही कुणी घेतल्याचं घरात कुणाला आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडलेल्यांचे नातू असाल तरी फार हुरळू नका; भारतानं ९ जून १९५२ च्या तहात जपानवरचा भरपाईचा हक्क सोडला. आपण दिलदार माणसं. कॅनडानं १९९८ साली हाँगकाँगला जपान्यांनी धरलेल्या स्वतःच्या सैनिकांना २४,००० डॉलर दिले, ब्रिटननं २००० साली १०,००० पौंड, ऑस्ट्रेलियानं २००१ साली २५,००० डॉलर. छळ केला जपान्यांनी, पैसे मोजले ज्याच्या त्याच्या सरकारनं. गुरखे मात्र ब्रिटनच्या यादीतून वगळलेले. त्यांना २००२ साली लंडनच्या कोर्टात जाऊन पटवावं लागलं, की तुरुंगातला मार त्यांनाही लागतो. आणि दीर्घायुष्याचं तेवढं बघा. मित्सुबिशीच्या एका कंपनीनं अमेरिकी कैद्यांकडून खाणीत वेठबिगारी करून घेतल्याबद्दल २०१५ साली माफी मागितली, तेव्हा समोर ऐकायला बसलेले गृहस्थ ९४ वर्षांचे होते. तेव्हा सकाळी फिरायला जात जा.

एवढं सगळं जमलं, तर मग शेवटी आपल्या कचेरीत या. मी गेलो होतो. खिडकीतल्या पोरानं अर्ज उलटा-सुलटा करून बघितला.

"काका, नुकसान कधी झालं?"

"१९१६."

"बहात्तर तासांत कळवायला पाहिजे होतं."

पीकविम्याचा नियम तो. पोरगं भलं होतं, दिवसभर तेच फॉर्म घेत होतं. मी समजावून सांगितल्यावर म्हणालं, बरं, नुकसानीचा तपशील तरी भरा, रकाना मोकळा सोडू नका.

तिथं मात्र मी अडलो. पणजोबा लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत. घरात एवढंच माहीत, की मरेपर्यंत ते वहाणा उशाखाली घेऊन झोपायचे. आजी चिडायची, शेणाच्या वहाणा अंथरुणात म्हणून. वाटेत पहारेकऱ्यांनी कैद्यांचे बूट काढून घेतले होते, हे मला फार पुढं वाचून कळलं. मग मी रकान्यात लिहिलं, 'बूट, एक जोड.'

पोरानं वाचलं, शिक्का उचलला, आणि परत खाली ठेवला.

"पावती हाय का घेतल्याची?"