खानावळीला तारा हवाय? आधी ताट मोठं करा

मालक, सांगली जिल्ह्यात ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) बाजूला तुमची अख्ख्या मसूरची खानावळ. रविवारी गाडी लावायला जागा नसते, तरी जगात तुमचं नाव नाही. चूक तुमचीच. गिऱ्हाइकाचं पोट भरण्यात तुम्ही उमेदीची वर्षं घालवलीत.

पहिली गोष्ट, जेवणाला तारे देतात टायरवाले. चेष्टा नाही. मिशलिन ही फ्रान्सची टायर कंपनी. लोकांनी गाड्या पळवाव्यात, टायर झिजवावेत म्हणून १९०० साली तिनं प्रवाशांसाठी पुस्तिका काढली आणि १९२६ पासून हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. एक तारा म्हणजे वाटेत थांबण्याजोगं, दोन म्हणजे वाट वाकडी करण्याजोगं, तीन म्हणजे मुद्दाम त्यासाठीच निघावं असं. आपल्या नाक्यावरचा पंक्चरवाला हेच काम चाक खोलता खोलता फुकटात करतो. "पुढं डाव्या हाताला जेवा. मसूरच घ्या, पनीरच्या नादाला लागू नका." बिचारा लिहून ठेवत नाही, एवढंच.

दुसरी अडचण म्हणजे तुमचा पत्ता. भारतासाठी मिशलिननं अजून पुस्तिकाच काढलेली नाही. तेव्हा चूल उचला आणि परदेश गाठा. विनीत भाटिया आणि अतुल कोचर या शेफना २००१ मध्ये तारा मिळाला तो लंडनमध्ये, शेफ गरिमा अरोरांना २०१८ मध्ये बँकॉकमध्ये, आणि भारतीय जेवणाला पहिल्यांदा तीन तारे मिळाले ते २०२५ मध्ये, दुबईच्या ट्रेसिंड स्टुडिओ या हॉटेलात. परदेश जमत नसेल तर सरकारच्या मागं लागा. थायलंडच्या पर्यटन खात्यानं ही पुस्तिका आपल्या देशात यावी म्हणून कोट्यवधी बाट मोजले. आपल्याकडं आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवायला मोजावे लागतील. पण टायर कंपनीला खड्ड्यांचं वावडं नसावं.

आता ताट. परातीएवढी पांढरी प्लेट आणा. मधोमध मसुराचे नऊ दाणे, मोजून. शेजारी कृष्णाकाठच्या वांग्याच्या भरिताचा ठिपका, चमच्याच्या पाठीनं ओढलेला, पोरानं पाटी पुसल्यासारखा. त्यावर एक बेदाणा. एकच! बेदाण्याचं तासगाव जवळ असल्यानं तुमचा हात सैल सुटणार, आवरा. शेवटी चिमूटभर भडंग चुरून टाका आणि तिला 'खाण्याजोगी माती' म्हणा. भडंग म्हणालात तर वीस रुपये मिळतील, माती म्हणालात तर दोन हजार.

हळदीचंही तेच. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे अस्सल त्याच भागाची असल्याचं मानांकन आहे आणि तुम्ही ती गिऱ्हाइकाला काही न सांगता रश्शात टाकता! वाढप्याला बोलायला शिकवा. आजवर तो "रस्सा वाढू का?" यापलीकडं गेलेला नाही. यापुढं रस्सा मागूनही मिळणार नाही, पण आजीची आठवण प्रत्येक घासाला मिळेल. आजीला स्वयंपाक येत नसेल तर शेजारची आजी घ्या.

सगळ्यात अवघड काम मात्र शेवटी. तारे देणारा परीक्षक नाव न सांगता येतो, गिऱ्हाइकासारखा जेवतो आणि बिल भरून जातो. तो एकटाच बसून नऊ दाणे न्याहाळत असेल, तेव्हा गल्ल्यावरून "पाव्हणं, कुठलं गाव?" असं ओरडू नका. "पोट भरलं का?" तर मुळीच विचारू नका. आणि बोलता बोलता तो तुमच्या साडूच्या गावचा निघालाच, तर निदान बिल तरी घ्या.