दिसला का? दिसला की!

रानपिंगळा बघायचा म्हणून मेळघाटात पहाटे साडेचारला उठलो, आणि गाडीत बसल्यावर कळलं की हे घुबड दिवसाढवळ्या बाहेर असतं. म्हणजे झोप गेली फुकट.

सागाचं रान, खाली वाळक्या पानांचा खच. पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज, आणि गाईड दरवेळी वळून असा बघायचा की वाटे आता पाय काढून हातात घेऊन चालावं. तासाभराने त्याने हात वर केला. "भाऊ, तो बघा. डावीकडची दुसरी फांदी, तिसऱ्या पानामागं."

आता तिसरं म्हणजे कुठून तिसरं? झाडावरचं प्रत्येक पान तपकिरी, वीतभर आणि गप्प बसलेलं, घुबडही तपकिरी, वीतभर आणि गप्प बसलेलं! मी एकावर दुर्बीण लावून पाच मिनिटं श्वास रोखून उभा, त्याने मान पण वळवली हो, अंगावर काटाच आला, आणि मग ते गळून खाली पडलं.

"डोकं बघा, साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नाहीत," गाईड कुजबुजला. अरे पण डोकं बघायला आधी घुबड नको का दिसायला?

बाकी चौघांचं "आहाहा" चालूच. खरं तर १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडलाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते, तो थेट १९९७ला शहाद्याजवळ परत दिसला. अख्ख्या पक्षीशास्त्राला ११३ वर्षं दिली आणि मला दहा मिनिटं द्यायला कुणी तयार नाही!

"दिसला का भाऊ?" तिसऱ्यांदा विचारल्यावर माझा धीर सुटला. म्हटलं, "दिसला की! केवढा गोड आहे!"

तेवढ्यात मागून दुसरा ग्रुप आला. त्यातला एक नवी कोरी दुर्बीण गळ्यात घालून नेमका माझ्याकडेच. "काका, कुठंय?" मीही बिनधास्त सांगितलं, डावीकडची दुसरी फांदी, तिसऱ्या पानामागं, आणि डोकं बघा बरं का, ठिपके नाहीत.

त्याने बराच वेळ दुर्बीण फिरवली. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "हो हो, दिसला! केवढा गोड आहे!"

दुर्बीण उजवीकडच्या झाडावर होती.