‘हात हलवत’ परत आलेल्याचं उत्तर

‘पोपट होऊन एसएसबीला जाऊ नका’ या माझ्या मागच्या लेखाखाली ‘लातूरकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. एसएसबी म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठी भोपाळसारख्या केंद्रांवर होणारी पाच दिवसांची निवड. क्लासच्या फाईलमधली तयार उत्तरं पाठ करून तिथे जाऊ नका, एवढंच त्या लेखात म्हटलं होतं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देतो:

‘लेख वाचला. एसआरटीला ४५ मिनिटं कुठून आणली? ग्रामीण पोरांची खरी अडचण इंग्रजी बोलण्याची आहे आणि त्यासाठी कुठेतरी पैसे मोजून सराव करावाच लागतो, हे तुम्ही झाकून ठेवता. स्वतःची अभ्यासिका चालावी म्हणून क्लासवाल्यांना नावं ठेवणं बरं नव्हे. आणि स्वतः दोनदा भोपाळहून हात हलवत परत आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या लेकरांना वाट दाखवू नये.’

आधी आपलं म्हणणं मान्य करतो. एसआरटीत, म्हणजे अमुक प्रसंगात काय कराल ते लिहायच्या चाचणीत, ६० प्रसंग असतात आणि वेळ ३० मिनिटं असते. म्हणजे एका प्रसंगाला अर्धं मिनिट, त्यातच वाचायचं आणि त्यातच लिहायचं. माझ्या लेखात ४५ पडलं. रात्री लाईट गेलेली असताना मोबाईलवर लिहिलेला लेख होता, पण चूक ती चूक. दुरुस्ती केली आहे. आपण दाखवली म्हणून आभार.

आता शेवटच्या वाक्याकडे येऊ. बाकी सगळं मी सोडून दिलं असतं.

‘हात हलवत.’ साहेब, हा शब्द कुठे वापरतात आपल्याकडे? पोरीचं स्थळ बघायला गेलेला मामा चहा पिऊन हात हलवत येतो. पीककर्जाला गेलेला माणूस ‘उद्या या’ ऐकून हात हलवत येतो. म्हणजे गेला, बसला, उठला, आला. पाच दिवस छातीवर नंबर लावून, रोज पहाटे उठून, साठ शब्द, साठ प्रसंग, बारा गोष्टी लिहून, फट्टा-बल्ली-रस्सी (फळी, वासा, दोर) उचलून आलेल्या पोराला हा शब्द लावायला जीभ कशी रेटली? आणि तेही खरं नाव न लिहिता. माझं नाव, माझं गाव, माझ्या अभ्यासिकेचा पत्ता सगळं वर लिहिलेलं आहे. आपण मात्र ‘लातूरकर’. लातूर पॅटर्नच्या गावातून पाठांतराची बाजू घेतली जावी यात नवल नाही म्हणा. (हे लिहायला नको होतं. पण लिहिलं, राहू दे.)

आणि ‘दोनदा’ म्हणजे काय दोनदा? हिशोब नीट करू. २००८ मध्ये बारावीनंतरच्या एनडीएसाठी गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमधून, म्हणजे पहिल्या चाळणीतूनच, परत आलो. २०१२ मध्ये पदवीनंतरच्या सीडीएस परीक्षेतून गेलो, तेव्हा पाचव्या दिवशी कॉन्फरन्सनंतर, म्हणजे सगळे परीक्षक एकत्र बसून निकाल ठरवतात त्यानंतर, परत आलो. या दोन गोष्टी एक नाहीत. ज्याने दोन्ही पाहिल्या नाहीत त्याला त्या एक वाटतात.

पहिल्या वेळी परभणीहून सचखंडला बसलो, तेव्हा माझ्याजवळ एक सॅक, आईने दिलेल्या दशम्या आणि बारावीचं मार्कमेमो होतं. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. लेखी परीक्षा गणितावर निघाली होती. स्क्रीनिंगला आधी बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचे दोन पेपर झाले, ते बरे गेले. मग ते धूसर चित्र. ३० सेकंद बघायचं आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. ती लिहिली. नंतर गटात बसवून प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची, तीही सांगितली, पाठ केलीच होती. त्यानंतर सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची असते. तिथे जो गलका सुरू झाला त्यात मी मनात मराठीत वाक्य जुळवायचो, त्याचं इंग्रजी करायचो आणि तोंड उघडेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनात गेलेली असायची. दुपारी नंबर वाचले, त्यात माझा नव्हता. पहिल्यांदा आलेल्यांना रेल्वेभाडं देतात, ते सही करून घेतलं. म्हणजे बघा, अगदी हात हलवत नाही आलो. हातात भाड्याचे पैसे होते.

घरी आलो तेव्हा आबा ओसरीवर बसून वखराची पास घासत होते. ‘काय झालं रं?’ ‘नाही झालं.’ ‘बरं. उद्या वरच्या पट्ट्यात वखर धरायचाय.’ बस. त्या माणसाने ‘हात हलवत’ हा शब्द काढला नाही. त्याला तो अधिकार होता.

चार वर्षांनी त्याच माणसाने पाच क्विंटल सोयाबीन विकून मला एका मोठ्या शहरातल्या क्लासला घातलं. महिनाभराचा क्लास. तिथे एक जाड फाईल मिळाली. चारशे शब्द आणि प्रत्येकासमोर एक तयार वाक्य. शब्दांच्या चाचणीत पडद्यावर एक शब्द १५ सेकंद दिसतो, तेवढ्यात त्यावर सुचेल ते वाक्य लिहायचं, असे ६० शब्द. आम्हाला सुचायचं कामच ठेवलं नव्हतं. मी चारशेच्या चारशे वाक्यं पाठ केली. एसटीत, संडासात, बैलामागे, सगळीकडे.

आणि तिथे पडद्यावर आला ‘फादर’. फाईलमधलं वाक्य मला येत होतं. बाप हा आदर्श वगैरे. पण शब्द दिसला आणि डोळ्यांपुढे आलं ते मानवतच्या अडतीवर पोत्याला रेलून उभं राहिलेलं माणूस, काट्याकडे बघत. पेन हलेना. १५ सेकंद गेले, पुढचा शब्द आला. मी घाईने फाईलमधलं वाक्य लिहिलं, पण ते पुढच्या नंबरसमोर. मग त्या शब्दाचं त्याच्या पुढच्या नंबरसमोर. सहा-सात शब्दांनी लक्षात आलं की सगळी रांग एका घराने सरकली आहे. तोवर खाडाखोडीलाही वेळ उरला नव्हता. कल्पना करा, मानसशास्त्रज्ञाने वाचलं असेल: शब्द ‘स्नेक’ आणि वाक्य वेळ पाळण्याबद्दल.

मुलाखत याहून बोलकी झाली. अधिकारी सज्जन होते. माहितीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ‘शेती’ लिहिला होता, म्हणून त्यांनी साधं विचारलं, मागच्या वर्षी घरी कापूस किती झाला? आणि मी, ज्याने तो कापूस स्वतः वेचला, पोत्यात तुडवला, गाडीत भरला, मी उत्तर दिलं की भारत जगातल्या सर्वांत मोठ्या कापूस उत्पादकांपैकी एक आहे. त्यांनी थांबून परत विचारलं. मी बोंडअळीवर बोललो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. आमचं शेत जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या अगदी टोकाच्या चारीवर आहे. पाणीपाळी आमच्यापर्यंत येते का, कधी येते, त्यावरून वरच्या गावाशी भांडणं कशी होतात, यावर मी अर्धा तास बोललो असतो. फाईलमध्ये ते नव्हतं.

उलट मैदानावर बघा. गटाच्या कामात लाल रंगाला कुणी शिवायचं नाही, पांढऱ्यावर टेकायचं, आणि फट्टा, बल्ली, रस्सी घेऊन पलीकडे जायचं. सगळे एकमेकांवर ओरडत होते. मी गुडघ्यावर बसून बल्लीला रस्सी आवळली, कडब्याची गाडी आवळतो त्या गाठीने. गट त्यावरून पलीकडे गेला. ती गाठ कुठल्याच क्लासने शिकवली नव्हती. मैदानावरच्या अधिकाऱ्याने एक पोरगा पाहिला, कागद वाचणाऱ्याने दुसरा, मुलाखतीच्या खोलीत तिसराच येऊन बसला. मनसा, वाचा, कर्मणा असं तिकडे म्हणतात ना, ते तिघे तीन बाजूंनी बघतात आणि शेवटी एकत्र बसतात. माझे तीन तुकडे जुळले नाहीत. यात मंडळाचा काडीचाही दोष नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मला घेतलं नसतं.

हे मी लेखात लिहिलं, तर आपण म्हणता वाट दाखवू नका. मग कुणी दाखवायची? ज्यांची शिफारस झाली ते खडकवासल्याला नाहीतर डेहराडूनला ट्रेनिंग घेत असतात, पुढे सीमेवर जातात. ते काही पाथरीच्या पोराला फोनवर सांगत बसायला मोकळे नसतात. परत आलेलेच मागे उरतात, आणि फाटा कुठे चुकला हे त्यांनाच माहीत असतं. बरं, खुद्द मंडळालाही दुसऱ्यांदा येणाऱ्याचं वावडं नाही. वैमानिकाच्या निवडीची संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तिथे नापास झालात तर ते दार कायमचं बंद. एसएसबीला तसं नाही, वयात बसत असाल तर परत या. ज्यांना नाकारायचा अधिकार आहे ते परत बोलावतात, आणि लातूरकरांना मात्र आमचं तोंड बघवत नाही.

आता आपण म्हणाल, पहिल्यांदा क्लास नव्हता तेव्हा पहिल्या दिवशी आलास, क्लास केल्यावर पाचव्या दिवसापर्यंत टिकलास, मग क्लासचा उपयोग झालाच की. म्हणा. चार वर्षांत मी डिग्रीही केली होती, वयानेही वाढलो होतो. त्या महिन्यात रोज संध्याकाळी एक तास गटचर्चा व्हायची, इंग्रजीत, तिचा उपयोग झाला असेल. नाही म्हणत नाही. पण माझा लेख फाईलबद्दल होता, गटचर्चेबद्दल नव्हता.

इंग्रजीवर वेगळा लेख लिहीन. आणि पैसे मोजावेच लागतात हे सरसकट बरोबर नाही, दहावीनंतरच्या मुलांसाठी राज्य शासनाची एसपीआय ही सैन्यप्रवेशाची तयारी करून घेणारी संस्था १९७७ पासून आपल्या संभाजीनगरातच आहे. तिथे निवड झाली तर बघायलाच नको.

अभ्यासिकेची फी महिना ४०० रुपये आहे. त्यात लाईटबिल, पाण्याचे जार आणि दोन वर्तमानपत्रं. कोचिंग मी घेत नाही. ज्याला यात धंदा दिसतो त्याने एका उन्हाळ्यात येऊन कूलरचं बिल भरावं.

राहता राहिलं एवढंच की दर रविवारी सकाळी सात वाजता अभ्यासिकेत गटचर्चा असते. इंग्रजीत. आठ-दहा जण असतात. २०२१ पासून मुलींनाही एनडीएची परीक्षा देता येते, तेव्हापासून दोन-तीन मुलीही असतात. मी कोपऱ्यात बसतो, बोलत नाही, फक्त जो गप्प बसतो त्याच्याकडे बोट करतो. आपण या. पोरांसमोर आपलं ते वाक्य एकदा मोठ्याने वाचून दाखवा, इंग्रजीत केलंत तर त्यांना सरावही होईल. आणि येताना बसस्टँडवरून त्या दिवसाचा इंग्रजी पेपर मिळाला तर घेऊन या, आमच्याकडे तो दुपारी दोनच्या आत पोचत नाही.