कपाटातले दहा लॅपटॉप

स्वस्त लॅपटॉप हातात आला की खेड्यातल्या मुलांचे शिक्षण मार्गी लागेल, हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की टाळ्या नेमक्या कोठे पडणार हेही आता पाठ झाले आहे. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतील मराठी माध्यमाच्या एका सरकारी शाळेत मी शिकवतो, आणि यंत्राची किंमत हा या प्रश्नातला सर्वांत सोपा भाग आहे, असे माझे मत झाले आहे.

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये विकसनशील देशांतील मुलांसाठी १०० डॉलरचा लॅपटॉप करण्याची कल्पना मांडली. २००७ मध्ये तो कारखान्यातून बाहेर पडू लागला तेव्हा त्याची किंमत १८० डॉलरच्या पुढे गेली होती. यंत्र मात्र विचारपूर्वक घडवलेले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे: पडदा भर उन्हात वाचता येई, वीज फार कमी लागे आणि धूळ आत जाऊ नये म्हणून कळफलक रबराने झाकलेला होता. पेरू देशाने असे ८ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. तेथील ग्रामीण शाळांचा अभ्यास करून इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ मध्ये अहवाल दिला, तेव्हा मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडल्याचा पुरावा सापडला नाही. आपल्याकडे २०११ मध्ये केंद्र सरकारचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त ‘आकाश’ टॅबलेट वाजतगाजत आला; त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे. पुढे ती योजना बारगळली.

आता आमच्या शाळेचे सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने आम्हांला दहा वापरलेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप दिले. हार-तुरे झाले, फोटो निघाले, आणि त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांनी त्यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, केली. ज्या वस्तूची त्या वहीत नोंद झाली ती फुटली किंवा हरवली तर जाब सही करणाऱ्याला द्यावा लागतो, त्यामुळे मुलांच्या हाती देण्यापेक्षा ती कपाटात कुलूपबंद ठेवणे कोणत्याही शहाण्या माणसाला सुरक्षित वाटते. त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही. किल्ली माझ्याकडे असती तर मीही कदाचित तेच केले असते.

तरीही शनिवारी दोन तास आम्ही लॅपटॉप बाहेर काढत असू. वर्गात प्लग एकच, बॅटरी वीस मिनिटांची, आणि पावसाळ्यात तारेवर झाड पडले की दोन-दोन दिवस वीज नाही. त्याहून कठीण प्रश्न भाषेचा निघाला. कळांवर केवळ इंग्रजी अक्षरे होती. पाचवीतल्या एका मुलाने आपला पत्ता लिहायला घेतला आणि ‘बेलगाव’ असे लिहून थांबला, कारण ‘ळ’ कोठे आहे ते त्याला सापडेना. इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत त्यासाठी शिफ्ट धरून ‘एन’ची कळ दाबायची, हे मलाही त्या दिवशी रात्री मोबाईलवर शोधून कळले. सोमवारी त्याला सांगितले, तर त्याने वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतले, कारण पुढचा शनिवार अजून दूर होता.

सीमाभागातली आणखी एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आमची पुस्तके मराठीत असली तरी अभ्यासक्रम कर्नाटकाचा आहे. महाराष्ट्रात तयार झालेले मराठी धडे आणि चित्रफिती आमच्या पाठांशी जुळत नाहीत, आणि त्या लॅपटॉपांत भरून दिलेले साहित्य बहुतेक कन्नड व इंग्रजीत होते. कन्नड आमच्या मुलांनी शिकलेच पाहिजे, ती शिकतातही; परंतु अपूर्णांक समजून घेण्यासाठी आधी भाषेचा डोंगर चढायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

दुरुस्तीचा विषय थोडक्यात आटोपतो. चार्जर बिघडला की बेळगावला जावे लागते, म्हणजे एक रजा आणि बसचे भाडे, आणि त्या खर्चाला शाळेच्या अनुदानात रकाना नाही. उरुग्वेने २००७ पासून शाळेतल्या मुलांना लॅपटॉप देण्याचे काम सरकारी योजना म्हणून हाती घेतले आणि लॅपटॉपसोबत शाळाशाळांत इंटरनेट व दुरुस्तीची सोयही उभी केली. देणगीदारांनी आमच्याकडे दहाऐवजी सहाच लॅपटॉप द्यावेत आणि उरलेल्या पैशांत तीन वर्षांची दुरुस्ती, चार प्लग आणि मराठी अक्षरांचे स्टिकर द्यावेत, अशी माझी मागणी आहे. अर्थात स्टिकरसोबत फोटो चांगला येत नाही.

गेल्या महिन्यात तपासणी झाली. आलेल्या साहेबांनी कपाट उघडायला लावले, लॅपटॉप मोजले, रजिस्टरशी ताडून पाहिले आणि सही केली. दहापैकी तीन सुरू होतात, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.