मुख्याध्यापक कडक असला की शाळा सुधारते?

‘मुख्याध्यापक कडक हवा. चार नोटिसा काढल्या की शिक्षक सरळ येतात, बाकी प्रशिक्षणं वगैरे सगळं थोतांड.’ पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर हा मजकूर सतत फिरतो. अनेकांना तो पटतो, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

धाक असला की शिक्षक वेळेवर येतात, हा पहिला दावा. २००३ साली शाळांना अचानक भेटी देऊन एक देशव्यापी पाहणी झाली. सरकारी प्राथमिक शाळांतले सुमारे २५ टक्के शिक्षक गैरहजर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के होतं, पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी. पण त्याच पाहणीत मुख्याध्यापकांची गैरहजेरी इतर शिक्षकांहून जास्त निघाली. साहेबच अकराला उगवत असतील तर त्यांच्या नोटिशीला कोण जुमानणार?

नोटिशीचा मुद्दा तर आणखी लंगडा. जिल्हा परिषद शाळेत बदली किंवा निलंबन मुख्याध्यापकाच्या हातात नसतंच. तो फार तर वर अहवाल पाठवतो. नोटिशीने टाचणवही, म्हणजे पाठाच्या तयारीची वही, मात्र चोख होते.

आणि थोतांड कशाला म्हणायचं? न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. मुख्याध्यापक शिक्षकांच्या शिकण्याला चालना देतो आणि स्वतःही त्यात उतरतो, तेव्हा मुलांच्या प्रगतीवर सर्वाधिक परिणाम दिसतो, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे पाठ निरीक्षण होतं, पण लॉगबुकात ‘फळ्याचा वापर समाधानकारक’ एवढाच शेरा पडतो. त्याऐवजी मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले, ५२ मधून २७ वजा करताना एका मुलीने ३५ उत्तर काढलेलं त्यांनी पाहिलं, आणि मधल्या सुट्टीत बाईंना म्हणाले, ‘ती एकक-दशक दोन्हीकडे मोठ्यातून लहान वजा करतेय. उद्या दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवू या का? मीही येतो.’ त्या बाई दुसऱ्या दिवशी वर्गात वेगळ्या तयारीने उभ्या राहतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

यासाठी वेळ लागतो, आणि खरी अडचण तिथे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, १५० च्या वर गेल्यावरच मिळतो. त्याखाली एखादा शिक्षकच प्रभारी होतो आणि वर्ग सांभाळून पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरत बसतो. कडकपणाची मागणी करणाऱ्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न मांडावा.