पोस्ट काढता, तं कारण सांगाले काय होते?

कपाशी फुलावर आली की शेतकरी डोमकळीचा फोटो काढतो. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या, आत बारीक अळी. फेसबुकच्या शेती ग्रुपवर टाकून विचारतो, "भाऊ, ही गुलाबी बोंडअळीच आहे का? कोणतं औषध मारू?" पोस्ट मंजुरीसाठी चार दिवस लटकते आणि पाचव्या दिवशी गायब होते. निरोप नाही, कारण नाही. काहून काढली, ते तरी सांगा ना!

त्या चार दिवसांत शेतात काय होतं, हे मंजुरीचं बटण हातात घेऊन बसलेल्या ग्रुपच्या ॲडमिनना ठाऊक पाहिजे. अळी अंड्यातून निघाली की बोंडात शिरते, मागचं छिद्र बुजून जातं, मग कितीही महागाचा फवारा मारा, आत पोचत नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणारा सापळा) सलग ३ रात्री ८-८ पतंग पडले, किंवा २० हिरवी बोंडं फोडल्यावर २ बोंडांत अळी दिसली, की फवारणीची वेळ आली. सल्ला तेव्हाच पाहिजे. पंधरा दिवसांनी मिळून तो काय कामाचा?

यातल्या कितीतरी पोस्ट माणूस वाचतसुद्धा नाही. ॲडमिन शब्दांची यादी लावून ठेवतो आणि यादीतला शब्द दिसला की पोस्ट आपोआप नाकारली जाते. यादीत काय, तर 'मारा', 'विष', 'औषध', 'रेट'. अहो, वऱ्हाडात फवारा मारतात, डवरा मारतात, अळी मारतात! शब्द जुळला एवढंच यंत्राला कळतं, वाक्य कळत नाही. बोगस बियाणं विकणारा मात्र 'रे.ट' असा टिंब घालून लिहितो, खाली फोन नंबर देतो आणि त्याची पोस्ट महिनाभर टिकते. अडकतो तो सरळ लिहिणारा.

नियम नको, असं कोणीच म्हणत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. तीन-तीन औषधं एकाच टाकीत कालवायला सांगणारी पोस्ट मिनिटभरही राहू नये. पण ती काढताना "हे मिश्रण धोक्याचं आहे, लेबलवरचंच प्रमाण घ्या" एवढं लिहाच. नुसती पुसली तर ती वाचलेला माणूस तसाच पंप पाठीवर घेऊन वावरात जाईल. फेसबुकवर पोस्ट नाकारताना कारण कळवायची सोय आहे, मोडलेला नियमही निवडता येतो. तरी लोक नुसतं नाकारून मोकळे होतात. व्हॉट्सॲपवर ॲडमिननं मेसेज पुसला की कोणी पुसला तेवढं दिसतं, कारणाची जागाच नाही. मग ग्रुपमध्येच एक ओळ टाका. अर्धा मिनिट लागतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "उद्या पोलीस आमच्या दारात येतील." मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रकरणात सांगितलं आहे की सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला पाहिजे. बाजार समितीतल्या वजनकाट्याबद्दल, कापसात धरलेल्या कटतीबद्दल (वजनातून केलेल्या कपातीबद्दल) कोणी लिहिलं की हीच भीती पुढे केली जाते. कटतीची पोस्ट काढायला पोलिसांचा काय संबंध?

सगळ्यात चीड येते ती दाद मागायला गेल्यावर. कंपनीनं स्वतः पोस्ट काढली असेल, तर २०२१ च्या आयटी नियमांनुसार तिच्या तक्रार अधिकाऱ्यानं २४ तासांत पोच द्यायची आणि ७ दिवसांत निकाल (२०२६ च्या दुरुस्तीआधी १५ दिवस होते). तो पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ग्रुपच्या ॲडमिननं काढली तर यातलं काहीच नाही. विचारणाऱ्याला उलट ग्रुपबाहेर करतात.

म्हणून पोस्ट टाकण्याआधी मजकूर मोबाईलच्या नोंदवहीत उतरवा, फोटो ठेवा, पाठवल्याची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. नाकारली तर तोच मजकूर ॲडमिनला खाजगीत पाठवून एवढंच विचारा: कितव्या नंबरचा नियम मोडला?